परवान्याची वही

आमच्या धानोरा तालुक्यात पाळण्यापासून तिरडीपर्यंत बांबूच लागतो. सूप त्याचं, टोपली त्याची, मांडवही त्याचाच. पावसाळ्यात कोवळ्या वास्त्यांची भाजी. पण रान कोणाचं, असं विचारलं की आमची म्हातारी माणसं म्हणायची, "सरकारचं हो, आपलं कुठलं?" बांबू कुठला तोडायचा, किती तोडायचा, हे गावाला कोणी विचारत नसे. डोक्यावर भारा असला आणि समोरून नाकेदार आला, की छातीत धस्स व्हायचं.

ही रीत बदलायची वाट आमच्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावानं धरली. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा काहींना बंडाची वाटली. पण तिच्यामागे नुसता आवाज नव्हता, बसून केलेलं काम होतं. गावानं अभ्यासगट चालवले, कायदे समजून घेतले. ग्रामसभेत निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं. एकाचंही मन राजी नसेल, तर पुन्हा बसायचं. वेळ लागायचा, पण हरलेला असा कोणी घरी जात नसे.

२००६ साली वनहक्क कायदा आला. २००९ मध्ये मेंढा-लेखाला सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. तरी गाडं अडलंच. १९२७ च्या वन कायद्यात बांबू 'झाड', नव्या कायद्यात गौण वनोपज. बांबू तोडता येईल, पण विकायला गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि तो द्यायचा कोणी? अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांची वही त्यांनी ग्रामसभेच्या देवाजी तोफांच्या हाती दिली.

आजही कितीतरी ठिकाणी सभा भरते, सह्या-अंगठे होतात, चहा होतो आणि त्याला लोकसहभाग म्हणतात. मी मात्र आता एवढंच बघतो, की वही कोणाच्या हातात आहे? ती गावाच्या हाती आली, की कोवळा बांबू राखायची जबाबदारीही गावावरच येते. मग रान उजाड झालं तर सरकारकडे बोट दाखवता येत नाही. हक्काचं खरं ओझं ते हेच.