सोयाबीनच्या मुळांचा पासवर्ड

१८८८ साली युरोपात दोन शोध लागले. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले.

पहिला डॉर्पाटचा (म्हणजे आजचं एस्टोनियातलं टार्टू). पीटर हर्मान स्टिलमार्क हा विद्यार्थी प्रबंधासाठी एरंडाच्या बिया तपासत होता. त्यातलं एक प्रथिन रक्तात घातलं की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या व्हायच्या. हे रिसिन. दुसरा शोध हॉलंडचा. मार्टिनस बायेरिंकने द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींमधून जिवाणू वेगळे काढून वाढवले. हवेतला नायट्रोजन पिकाला देणारे हेच ते रायझोबियम.

या दोन गोष्टींची गाठ पडायला ऐंशीहून जास्त वर्षं गेली. त्याचीच ही कहाणी.

आधी गुठळ्यांचं कोडं. ते सोडवण्यात मोठा वाटा जेम्स सम्नर या अमेरिकन माणसाचा. हा मूळचा डावखुरा, आणि सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात डावा हातच गमावलेला! तरी त्याने प्रयोगशाळेत आयुष्य काढलं आणि १९४६ चं नोबेलही मिळवलं. आपल्या अबईच्या जातभाईतून, म्हणजे जॅक बीनमधून, त्याने १९१९ मध्ये कॉनकॅनाव्हॅलिन ए हे प्रथिन काढलं होतं. १९३६ मध्ये त्याला आणि हॉवेलला दिसलं की उसाची साखर घातली तर या प्रथिनाने होणाऱ्या गुठळ्या थांबतात. म्हणजे प्रथिन रक्तपेशीला धरत नव्हतं, पेशीवरच्या साखरेला धरत होतं! सुटी साखर मिळाली की हात तिथेच अडकले. १९५४ मध्ये अशा प्रथिनांना 'लेक्टिन' हे नाव मिळालं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'निवडणे'.

आता तुम्ही म्हणाल, झाडाला आपलं रक्त गोठवून काय मिळणार? काहीच नाही. मग बियांमध्ये हे प्रथिन कशासाठी?

एक झकास उत्तर १९७४ मध्ये आलं. मुळांभोवतीच्या मातीत असंख्य जिवाणू असतात, पण सोयाबीन ठराविक रायझोबियमलाच आत घेतं, वाटाणा वेगळ्याला. हा लॉगिन कोण तपासतं? बोहलूल आणि श्मिट यांनी सोयाबीनच्या लेक्टिनला चमकणारा रंग जोडला आणि ते जिवाणूंवर सोडलं. सोयाबीनवर गाठी करणाऱ्या २५ प्रकारांपैकी २२ प्रकारांना ते चिकटलं. इतर पिकांच्या २३ पैकी एकालाही नाही! जिवाणूच्या अंगावरची साखर हा पासवर्ड आणि मुळावरचं लेक्टिन हा पहारेकरी. एकदम सुटसुटीत डिझाइन.

पण टेस्टिंगमध्ये गडबड निघाली. १९७८ मध्ये बियांत ते लेक्टिनच नसलेले सोयाबीनचे वाण सापडले. आणि त्यांच्या मुळांवर गाठी अगदी व्यवस्थित येत होत्या. पहारेकरी रजेवर, तरी काम चालू!

म्हणून कल्पना मोडीत निघाली का? नाही. १९८९ मध्ये हॉलंडच्या संशोधकांनी वाटाण्याच्या लेक्टिनचा जीन क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाच्या मुळांत घातला, आणि ती मुळं वाटाण्याच्या रायझोबियमलाही गाठी करू द्यायला लागली. लेक्टिनचा काहीतरी हात होता, पण मुख्य कुलूप दुसरीकडे होतं.

ते हळूहळू उलगडलं. १९९० मध्ये फ्रेंच गटाने दाखवलं की जिवाणू स्वतःहून एक रेणू सोडतो. शर्करेच्या चार-पाच मण्यांची छोटी माळ आणि तिला चरबीचं शेपूट. हा नॉड फॅक्टर. तो पोचला की मुळावरचा बारीक केस वाकतो आणि जिवाणूला कवेत घेतो. २००३ मध्ये डेन्मार्कमधल्या आर्हुसच्या संशोधकांना हा रेणू ओळखायला लागणारी प्रथिनं सापडली. ती मुळाच्या पेशींच्या आवरणात बसलेली असतात आणि त्यांचा बाहेरचा भाग शर्करा ओळखण्यासाठीच घडलेला असतो. म्हणजे १९७४ चा आराखडा बरोबर होता: प्रथिन साखर वाचतं आणि दार उघडतं. फक्त पहारेकऱ्याचं नाव चुकलं होतं.

खरी गंमत पुढे आहे. बुरशीच्या पेशीभित्तिकेतलं कायटिन याच शर्करेच्या मण्यांचं बनतं. ते ओळखून झाड शत्रूविरुद्ध सज्ज होतं, आणि ओळखणारी प्रथिनं याच घराण्यातली. म्हणजे मित्र आणि शत्रू यांच्यात फरक जेमतेम चार अक्षरांचा! २०२० मध्ये प्रथिनाचे मोजके तुकडे बदलून कायटिन ओळखणाऱ्या प्रथिनाला नॉड फॅक्टर वाचायला लावण्यात आलं.

लातूर-वाशीमकडे पेरणीआधी सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम चोळतात, आणि पाकीट पिकाप्रमाणे वेगळं घ्यावं लागतं, त्यामागे हाच पासवर्ड आहे. ज्वारी-गव्हाच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत, म्हणून तिथे युरियाची गोणी विकत आणावी लागते. तृणधान्यांनाही ही भाषा शिकवता येईल का, यावर आज काम चालू आहे. दार उघडणं ही पहिली पायरी. आत गाठ तयार करणं त्याहून अवघड.

असो. एरंडाच्या बियांपासून युरियाच्या गोणीपर्यंत पोचायला एवढी वर्षं लागली. शेतकऱ्याचा युरियाचा खर्च वाचला, तर ती सत्कारणी लागली म्हणायची.