आकस्मिक पुरावस्तू : ओळख आणि कालनिर्णय

पद्धतशीर उत्खननाबाहेर, म्हणजे नांगरट करताना, विहीर वा पाया खणताना, नदीची दरड कोसळल्यावर किंवा गडावर हिंडताना सामान्य माणसाच्या हाती लागलेल्या लहान आकाराच्या प्राचीन वस्तू. नाणी, मणी, बांगड्यांचे तुकडे, मृण्मूर्ती, मुद्रा, दगडी हत्यारे, लोखंडी अवजारे, शिशाच्या गोळ्या आणि नक्षीदार खापरे या सर्वांचा त्यांत समावेश होतो. वीरगळ, शिलालेख व मोठी शिल्पे यांचा विचार निराळा करावा लागतो. प्रस्तुत नोंद मुख्यत्वे महाराष्ट्रापुरती आहे.

कुठे सापडतात : गावगाड्यात शेतजमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. शेकडो वर्षे एकाच जागी माणसे राहिली की चुलीतली राख, शेण, हाडे आणि ढासळलेल्या भिंतींची माती साचून टेकाड तयार होते व त्याचा रंग आसपासच्या काळ्या रानात उठून दिसतो. ही माती खतासाठी आणि धाब्याच्या घरांवर पसरण्यासाठी गावोगाव बैलगाडीने वाहून नेली गेली. आता ट्रॅक्टरने नेली जाते. महाराष्ट्रातल्या निम्म्या गोष्टी अशा उकरण्यातच वर आल्या असाव्यात आणि त्याच उकरण्यात त्यांचे थरही विस्कटले. दुसरी मोठी जागा नदीकाठची. पहिल्या मोठ्या पावसानंतर गोदावरी, प्रवरा, तेरणा यांच्या काठच्या दरडींतून खापरे, मणी, नाणी धुऊन बाहेर येतात. पात्रातली माती धुऊन धातू वेचणारे झारेकरी हे नाणेसंग्राहकांचे जुने पुरवठादार. त्यांच्याकडून आलेल्या नाण्याचा राजा बहुधा सांगता येतो, जागा मात्र ‘नदीत’ एवढीच कळते.

काळ कशावरून ठरतो : वस्तूचे वय वस्तूवर लिहिलेले असते असा सर्वसाधारण समज आहे. लेख असलेल्या नाण्यापुरता तो काही अंशी खरा. एरवी वय ठरते ते ती कोणत्या थरात आणि कशाच्या संगतीत होती त्यावरून. सुट्या वस्तूची तुलना करायची ती उत्खननात थरासकट मिळालेल्या तशाच वस्तूंशी. घडण, कच्चा माल, अक्षरवळण आणि वजन जुळले की त्या वस्तूंचा काळ हिलाही लावतात. या रीतीने शतक-दोन शतकांचा पल्ला मिळतो, वर्ष क्वचितच. एखाद्या खड्ड्यात अनेक वस्तू एकत्र मिळाल्या तर त्यांतली सर्वांत अलीकडची वस्तू खड्डा बुजण्याची आधीची मर्यादा सांगते: खड्डा तिच्या आधी बुजलेला असू शकत नाही. म्हणून सातवाहन नाण्याशेजारी मिळालेला काचेचा तुकडा टाकून देणे ही मोठी चूक असते. तो तुकडा बहमनी बांगडीचा निघाला तर नाणे जुनेच राहते, पण ते तिथे पुरले गेल्याचा काळ हजार वर्षांनी पुढे सरकतो.

दायमाबादची काशाची शिल्पे : थर नसला की किती अडते याचे महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण हेच. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या काठावर दायमाबादचे टेकाड आहे. ते १९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकर यांच्या लक्षात आले आणि मधुसूदन नरहर देशपांडे यांनी तिथे पहिले उत्खनन केले. १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे खोड मुळासकट काढताना चार भरीव ओतीव शिल्पे मिळाली: बैलजोडी जुंपलेला रथ व त्यावर उभा हाकणारा, हत्ती, गेंडा आणि रेडा. रथ सुमारे ४५ सेंमी. लांब आहे. चारांचे मिळून वजन ६० किलोंहून अधिक भरते. त्यानंतर एस. आर. राव यांनी १९७४-७५ मध्ये आणि एस. ए. साळी यांनी १९७५ ते १९७९ या काळात दायमाबादला उत्खनने केली. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच संस्कृतींचा क्रम तिथे उलगडला.

शिल्पे मात्र कोणाच्याही खणतीत मिळालेली नसल्याने त्यांना या क्रमात बसवायचे ते परिस्थितिजन्य पुराव्याने. देशपांडे, राव व साळी यांनी ती उत्तर हडप्पा काळातली मानली, म्हणजे साधारण चार हजार वर्षांपूर्वीची. धर्मपाल अग्रवाल यांनी धातूच्या पृथक्करणावर बोट ठेवले. या शिल्पांत १ टक्क्याहून अधिक आर्सेनिक आहे आणि दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन तांब्यात असे मिश्रण आढळत नाही, तेव्हा ती ऐतिहासिक काळातली असू शकतात असे त्यांचे म्हणणे. वाद मिटलेला नाही. शैलीवरून हडप्पाकडे झुकणारे मत अधिक पटते खरे. पण खोडाखालच्या खड्ड्यातले एखादे खापर किंवा कोळशाचा तुकडा जरी त्याच जागी राहिला असता, तरी हा वाद इतका लांबला नसता. रथ आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असून प्राणी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात आहेत.

नाणी : सापडणाऱ्या वस्तूंत सर्वांत जास्त भरणा नाण्यांचा. चांदीच्या आहत नाण्यांवर लेख नसतो. सूर्य, चक्र, डोंगर अशी चिन्हे वेगवेगळ्या ठशांनी उठवलेली असतात आणि असे प्रमाणित नाणे, म्हणजे कार्षापण, ३२ गुंजांच्या आसपास, म्हणजे सुमारे ३.४ ग्रॅम भरतो. सातवाहनांची नाणी बहुतांशी शिसे, पोटीन हा मिश्रधातू व तांबे यांची असून त्यांवर ब्राह्मीत राजाचे नाव असते, सन नसतो. याउलट पश्चिमी क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून राजाच्या मुखवट्यामागे शकवर्ष येऊ लागते आणि लेखात राजासोबत त्याच्या बापाचेही नाव असते. पुसट नाण्यावर यांतले एक जरी वाचता आले तरी काळ दहा-वीस वर्षांत बसतो. प्राचीन भारतात इतकी सोय करून ठेवणारे राजघराणे विरळा.

एका नाण्यावरचा दुसरा ठसा कधीकधी इतिहासच सांगतो. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षहरात घराण्यातील क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा मिळाला. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे, एका बाजूला तीन कमानींचा डोंगर व दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, वरून उठवली होती. खालचा मुखवटा नहपानाचा आणि वरचा ठसा सातकर्णीचा, म्हणजे कोण आधी व कोण नंतर याला आणखी पुरावा नको. गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केला असे नाशिकच्या लेण्यातला लेख सांगतो. त्याला या साठ्याने दुजोरा दिला. तो वाटून घेऊन वितळवला गेला असता तर नहपान आणि गौतमीपुत्र यांच्या समकालीनतेचा प्रश्न आजही नुसत्या तर्कावर चालला असता.

शिवराईबाबत गैरसमज फार. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असा लेख असलेले हे तांब्याचे नाणे हाती आले की ‘महाराजांच्या काळातले’ असे सांगून मोकळे होतात. प्रत्यक्षात शिवराई १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सुरू झाली आणि पेशवाईभर, अनेक टांकसाळींत, वेगवेगळ्या वजनांत व शुद्धलेखनाच्या नाना तऱ्हांनी पडत राहिली. अक्षरांमध्ये दोन रेषा असलेली दुदांडी शिवराई तर उत्तरकालीन. मिळालेली बहुतेक नाणी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतली असतात आणि ती कमी मोलाची ठरतात असे नाही. कोणत्या बाजारपेठेपर्यंत कोणते तांबे पोचले ते त्यांच्यावरूनच कळते. शिवकालीन सोन्याचा होन मात्र अतिशय दुर्मीळ, म्हणून बनावट होन भरपूर.

मराठ्यांच्या टांकसाळीतल्या रुपयावर दिल्लीच्या बादशहाचे, बहुधा दुसऱ्या शाह आलमचे (कार. १७५९–१८०६) नाव पाहून तो मुघलांचा समजण्याची चूकही नेहमीची. त्याच्या राज्यवर्षाचे आकडे पुढे गोठवून तसेच छापले जात, तेव्हा आकड्यापेक्षा टांकसाळीचे चिन्ह (पुण्याच्या रुपयावरचा अंकुश, उदाहरणार्थ) अधिक भरवशाचे. सन वाचताना हिजरी, फसली, शुहूर व शक यांचा घोळ होऊ देऊ नये: शकात ७८, दख्खनी फसलीत ५९० आणि शुहूरमध्ये ५९९ मिळवले की स्थूलमानाने इसवी सन येतो. हिजरी वर्ष चांद्र असल्याने तिथे सरळ बेरीज चालत नाही. हिजरी १०८३ म्हणजे इ. स. १६७२-७३.

कोकणात आणि घाटावर जुन्या दागिन्यांत वा मडक्यात सापडणारी पुतळी ही मुळात व्हेनिसची सोन्याची डुकट. संत मार्कपुढे गुडघे टेकलेला त्या नगरीचा प्रमुख, म्हणजे डोजे, तिच्यावर असतो आणि त्याचे नावही. डुकट १२८४ ते १७९७ पर्यंत पडत होती, तेव्हा डोजेचे नाव लागले तर काळ नेमका मिळतो. पण सोनारांनी तिच्या नकला पिढ्यान्‌पिढ्या केल्या. त्यांत रोमन अक्षरे निव्वळ नक्षी होऊन बसलेली असतात आणि अशा पुतळीला डोजेची कारकीर्द लावणे फसवे ठरते.

मणी, बांगड्या, मृण्मूर्ती : दगडी मण्याचा काळ बाहेरून कळत नाही, आतून कळतो. भोकाचा साचा काढून भिंगाखाली पाहिला की कोणत्या गिरमिटाने पाडले ते दिसते. हिऱ्याच्या टोकाचे गिरमीट ही ऐतिहासिक काळातली खूण. काचेच्या बांगड्यांचे तुकडे पांढरीवर ढिगाने मिळतात. एकरंगी साध्या बांगड्या सातवाहनकाळापासून आहेत, तर अनेकरंगी पट्ट्यांच्या बांगड्या मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी बहमनी काळात घातल्या. हा निकष अजून उपयोगी पडतो.

मृण्मूर्तींत पांढऱ्या केओलिनच्या, दोन साच्यांत दाबून जोडलेल्या पोकळ मूर्ती सातवाहनकालीन म्हणून चटकन ओळखू येतात. जोडाची रेघ कानामागून खाली उतरलेली दिसते. त्याच काळातले रोमन नाण्यांच्या छापांचे मातीचे पदक, गळ्यात बांधण्यासाठी छिद्र असलेले, तेरसारख्या ठिकाणी मिळते. त्याला ‘रोमन नाणे’ म्हणून विकण्याचा प्रयत्न होतो. हातात घेतल्यावर वजनच खोटे पाडते.

खापरांबद्दल थोडक्यात: लाल पृष्ठावर काळी भौमितिक नक्षी व कोनदार कंगोरा असलेला वाडगा म्हणजे जोर्वे, साधारण इ. स. पू. १४०० ते ७००. विदर्भात शिळावर्तुळांजवळ मिळणारी, आडव्या पट्ट्यांनी दांड्याला आवळलेली लोखंडी कुऱ्हाड महापाषाणीय संस्कृतीची, म्हणजे इ. स. पू. पहिल्या सहस्रकातली.

प्रयोगशाळा व बनावट : भाजलेल्या मातीवर ऊष्मादीप्ती पद्धत चालते. वस्तू शेवटची कधी तापली ते तिने कळते, पण दहा टक्क्यांपर्यंत चूक संभवते. त्यामुळे बनावट पकडायला ती उत्तम, शतक ठरवायला बेताची. कार्बन-१४ साठी कोळसा, धान्य वा हाड लागते. धातूचे वय त्याने निघत नाही. बनावट नाणे बहुधा ओतीव असते: कडेला जोडाची रेघ, पृष्ठावर बुडबुड्यांचे बारीक खळगे, अक्षरांच्या कडा बोथट. सोनाराच्या काट्यावर पाव ग्रॅमचा फरक पडला तरी शंका घ्यावी.

खरी नाणी मारण्याचे काम मात्र घरातच होते. चिंच, लिंबू, राख लावून घासले की तांब्यावरचा हिरवा थर जातो आणि त्याबरोबर उथळ अक्षरेही. शेंदराने माखलेल्या छोट्या मूर्तीचेही तेच. देव म्हणून ती टिकते, पण तपशील बुजतो. माती साफ न करता, जागा, खोली आणि शेजारी काय होते ते लिहून, मोजपट्टी ठेवून काढलेले छायाचित्र तज्ज्ञाला घासलेल्या मूळ वस्तूहून अधिक सांगते.

कायदा : १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम अद्याप लागू आहे. जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवल्यास सापडणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. धनी निघाला नाही आणि जागेच्या मालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचे व एक चतुर्थांश मालकाचे. सरकारने वस्तू ठेवून घेतली तर मोबदला धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक. पोटीनच्या दुर्मीळ नाण्याला या हिशेबाने भंगाराहून फारसे जास्त मिळत नाही. लोक कळवत का नाहीत याचे निम्मे उत्तर या कलमात आहे. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी अधिनियम (अंमल ५ एप्रिल १९७६ पासून) शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेण्यास खाजगी व्यक्तीला बंदी करतो.

इंग्लंड व वेल्समध्ये १९९७ पासून वेगळी वाट निघाली. तिथे कायद्याने ‘निधी’ ठरलेल्या वस्तू सोडल्या तर नोंद ऐच्छिक असते. जिल्ह्याजिल्ह्यांत नेमलेले अधिकारी शेतकऱ्यांकडून व धातुशोधक घेऊन हिंडणाऱ्या हौशी लोकांकडून वस्तू पाहायला घेतात, स्थळासह नोंदवतात आणि परत देतात. दहा लाखांहून अधिक वस्तूंची अशी नोंद झाली आहे. महाराष्ट्रात असा अधिकारी नाही. लोक राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, किंवा नाण्यांसाठी नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेत जातात.

तेरचा संग्रह : धाराशिव जिल्ह्यातील तेर हे ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरवर्णनातले ‘तगर’. तिथले रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि तेरणेकाठी मिळालेल्या वस्तू वर्षानुवर्षे गोळा केल्या. आता त्या त्यांच्याच नावाच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहेत. त्यांतली हस्तिदंती स्त्रीमूर्ती विशेष प्रसिद्ध. १९३८ मध्ये पाँपेईत मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य आहे, आणि पाँपेई इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडली गेल्यामुळे तिथली मूर्ती त्याआधीची हे निश्चित. तेरच्या मूर्तीला इसवी सनाचे पहिले शतक मिळाले ते असे, इटलीतल्या थरावरून. संग्रहातल्या बहुतेक वस्तूंना थर नाही, पण गाव पक्के आहे. १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी तेरला उत्खनन केल्यावर तिथल्या थरांतल्या मृण्मूर्ती, मणी आणि खापरे यांच्याशी त्या ताडून पाहता येऊ लागल्या.