दिनविशेष : ३१ जुलै

१९१९ : क्रिकेटपटू लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी यांचा पुण्यात जन्म. दुसऱ्या महायुद्धाने आपल्याकडे कसोटी सामनेच थांबवले आणि अधिकारींचे पदार्पण १९४७ पर्यंत लांबले. पुढे लष्करी नोकरी सांभाळत ते २१ कसोटी खेळले. १९५९ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध दिल्लीत ऐनवेळी कर्णधारपद गळ्यात पडले, तेव्हा वय ३९! तरी ६३ आणि ४० धावा केल्या, लेगस्पिनवर तीन बळीही टिपले. कसोटीतले त्यांचे बळी तेवढेच.

१९७१ मध्ये इंग्लंडमधील ओव्हल कसोटी जिंकणाऱ्या भारतीय संघाचे ते व्यवस्थापक होते. तिथला पुढचा भारतीय विजय २०२१ चा. त्यात दोन्ही डावांत अर्धशतक ठोकणारा गोलंदाज आपल्या पालघरचा शार्दूल ठाकूर.