मुद्रेपासून किल्लीपर्यंत : कार्यप्रणालीतील थ्रेडनिहाय अधिकाराचा इतिहास

प्रस्तावना :
महाड तालुक्यातील रायगड ही शिवकाळात मराठी राज्याची राजधानी होती. मराठेशाहीच्या राजपत्रांवर शिरोभागी मुद्रा व अखेरीस मोर्तब उमटविले जाई. मजकूर संपल्यावर त्यात कोणी भर घालू नये, हा मोर्तबाचा हेतू होता. पुढे पेशव्यांच्या मुद्रेत छत्रपती व पेशवा या दोघांचीही नावे येऊ लागली. अधिकार कोणाचा आणि तो वापरणारा कोण, हे त्यातून स्पष्ट होई. संगणकाच्या कार्यप्रणालीपुढेही हाच प्रश्न उभा राहिला. प्रस्तुत निबंधात त्याच्या उत्तरांचा आढावा घेतला आहे.

विवेचन :
चालू असलेल्या प्रोग्रॅमला प्रक्रिया म्हणतात आणि तिच्यातील कामाच्या स्वतंत्र धाग्यांना थ्रेड. युनिक्स परंपरेत अधिकार प्रक्रियेला मिळे. १९९५ च्या पॉझिक्स थ्रेड-मानकातही वापरकर्त्याची ओळख संपूर्ण प्रक्रियेचीच राहिली. मात्र एकाच सर्व्हरमधील प्रत्येक थ्रेड निराळ्या ग्राहकाचे काम करीत असेल, तर एकाचा अधिकार दुसऱ्याच्या कामी लागण्याचा धोका निर्माण होतो. १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये थ्रेडला ग्राहकाची ओळख तात्पुरती धारण करण्याची सोय होती.

लिनक्समध्ये डेव्हिड हॉवेल्स यांनी रचलेली किल्ल्या सांभाळण्याची व्यवस्था डिसेंबर २००४ मधील २.६.१० या आवृत्तीत आली. तीत किल्ल्यांचे जुडगे कर्नेलच्या ताब्यात असतात. थ्रेडचा जुडगा त्या थ्रेडपुरताच असतो. तो नव्या थ्रेडकडे जात नाही आणि थ्रेड संपताच नष्ट होतो. प्रक्रियेचा जुडगा तिच्या सर्व थ्रेडना सामाईक असतो, तर सत्राचा जुडगा नव्या प्रक्रियांकडेही वारशाने जातो. किल्लीचा शोध थ्रेड, प्रक्रिया, सत्र या क्रमाने घेतला जातो. २००९ मधील २.६.२९ या आवृत्तीत अधिकारविषयक सर्व माहिती एका स्वतंत्र नोंदीत एकत्रित करण्यात आली.

या व्यवस्थेला मर्यादाही आहे. एका प्रक्रियेतील थ्रेडची स्मृती सामाईक असते. त्यामुळे एखाद्या थ्रेडने किल्लीतील गुपित कर्नेलकडून वाचून स्वतःच्या स्मृतीत आणले, की ते शेजारच्या थ्रेडलाही वाचता येते.

निष्कर्ष :
किल्ली केवळ गुप्त ठेवणे पुरेसे नाही. ती कोणाची, किती कामापुरती आणि केव्हापर्यंत, हेही ठरलेले असावे लागते. मोर्तबाने कागदाची सीमा निश्चित केली. थ्रेडच्या जुडग्याने अधिकाराची सीमा निश्चित केली. तथापि, जुडग्याबाहेर पडलेल्या गुपिताचे रक्षण करण्याची जबाबदारी अखेर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावरच राहते.