समुद्रकाठची बिऱ्हाडे आणि एक खटला

आगगाडीने इंग्लंडमधील गिरणीकामगार आणि मध्यमवर्गीय कुटुंबे सुट्टीच्या दिवसांत समुद्रकाठी आणून सोडण्यास प्रारंभ केल्यापासून ब्लॅकपूल, हर्न बे यांसारख्या गावांत भाड्याच्या खोल्यांवर निर्वाह करणाऱ्या घरमालकिणींचा एक स्वतंत्र व्यवसायच उदयास आला; आणि आठवड्यापुरते उतरलेले जोडपे भाडे चोख देते, वागण्यात सभ्य दिसते, एवढ्यावर खातरजमा होत असल्यामुळे त्याच्या पूर्ववृत्ताची चौकशी करण्याचा प्रघात तेथे पडला नाही. जॉर्ज जोसेफ स्मिथ या नराधमाला संरक्षण मिळाले ते चातुर्याने नव्हे, या प्रघाताने, असे माझे मत आहे.

त्याची पत्नी बेसी मंडी हिची सुमारे अडीच हजार पौंडांची वडिलोपार्जित मिळकत विश्वस्तांच्या स्वाधीन होती व तिच्या मृत्युपत्राखेरीज ती स्मिथच्या हाती लागण्याजोगी नव्हती. म्हणून १९१२ च्या जुलैत हर्न बे येथे पतिपत्नींनी परस्परांच्या नावे मृत्युपत्रे केली. लगेच स्मिथने अर्ध्या क्राऊनसाठी घासाघीस करून स्नानाचा टब ठरवला, पत्नीला फेफरे येते असे सांगून तिला एका तरुण डॉक्टराकडे नेले, आणि १३ जुलैस ती टबात मृतावस्थेत आढळली. टबाचे पैसे त्याने दिलेच नव्हते. टब दुकानदाराकडे परत गेला. पुढल्या वर्षी ब्लॅकपूलला टब नाही म्हणून एक बिऱ्हाड नाकारून तो क्रॉस्ली यांच्या घरी उतरला. १२ डिसेंबरच्या संध्याकाळी खाली जेवणाऱ्या क्रॉस्ली कुटुंबाला छतावर ओल पसरताना दिसली, आणि थोड्याच वेळात स्मिथ बाहेरून अंडी घेऊन आला. वर ॲलिस बर्नहॅम, पाचशे पौंडांचा विमा उतरवलेली त्याची नवी पत्नी, गतप्राण झाली होती. १८ डिसेंबर १९१४ रोजी लंडनच्या हायगेट भागात मार्गारेट लॉफ्टी हिच्या बाबतीत हाच प्रकार घडला. प्रत्येक ठिकाणच्या कॉरोनरने आपल्या हद्दीतील प्रेत तेवढे पाहिले आणि तिन्ही वेळा अपघात ठरवला.

लॉफ्टीच्या मृत्यूची वार्ता वर्तमानपत्रात वाचून ॲलिसचे वडील आणि ब्लॅकपूलचे क्रॉस्ली या दोघांनी आपापल्या परीने संशय कळवला, आणि इन्स्पेक्टर नील यांच्या तहकिकातीस दिशा मिळाली. स्पिल्सबरी यांच्या वैद्यकीय साक्षीचा पुढे फार गाजावाजा झाला. मला मात्र या प्रकरणातील श्रेय प्रथम त्या बिऱ्हाड देणाऱ्या कुटुंबाचे वाटते.

१९१५ च्या जूनमध्ये ओल्ड बेलीत सुनावणी सुरू झाली तेव्हा आरोप एकट्या मंडीच्या खुनाचा होता. उरलेल्या दोन मृत्यूंचा पुरावा पुढे येऊ नये म्हणून आरोपीचे वकील मार्शल हॉल यांनी घेतलेली हरकत न्यायमूर्ती स्क्रटन यांनी फेटाळली, आणि खटल्याचा निकाल वस्तुतः तेथेच लागला. कारण एक टब अपघात असू शकतो, तीन नव्हेत. हा विचार आपल्याकडे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील पंधराव्या कलमात आधीच नमूद होता: एकामागून एक विमा उतरवलेली घरे जळतात आणि दरवेळी निराळ्या कंपनीकडून रक्कम घेतली जाते, हे त्या कलमाखालचेच उदाहरण. अपील न्यायालयानेही तो पुरावा ग्राह्य मानला, आणि १३ ऑगस्ट १९१५ रोजी मेडस्टोनच्या तुरुंगात स्मिथला फाशी देण्यात आली.