ज्वारीच्या मुलखातला फ्राइड राइस

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात कुठल्याही बाजारगावात दिवेलागणीला बसथांब्याच्या आसपास एक लाल गाडी उघडते. पाटीवर ड्रॅगन आणि त्याखाली ‘चायनीज सेंटर’. दुपारीच शिजवून, परातीत मोकळा करून गार केलेला भात एका बाजूला, तर दुसऱ्या बाजूला पत्ताकोबीचा बारीक चिरलेला ढीग, गाजर, सिमला मिरची, कांद्याची पात. पंख्याची हवा दिलेली भट्टी घरघरत पेटते. कढईतलं तेल धुरावलं की लसूण पडतो, मग कोबी, मग भात. मीठ, मिरपूड, चिमूटभर अजिनोमोटो, सोया सॉस, व्हिनेगर. कढई चार वेळा उडाली की ‘हाफ’ तयार. पार्सल असेल तर चंदेरी पिशवी आणि सोबत शेजवान चटणीची गाठ मारलेली पुडी.

याच तालुक्यातल्या युसूफ वडगावच्या पंचक्रोशीतल्या विशीच्या पोराला यात नवल वाटत नाही. नवल वाटायला हवं ते इतिहास लिहिणाऱ्यांना. कारण हा मुलूख भाताचा नव्हेच.

बीड जिल्हा ज्वारी-बाजरीचा. शाळूची भाकरी, ठेचा, वरण, येसराची आमटी हे इथलं जेवण. भाजून-फोडणी देऊन झटपट करायचं काही असेल, तर ते म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला. भात पडायचा तो लग्नाच्या पंगतीत, सणाला, पाहुणा आला तर. रोज भात खाणारं घर म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर, असा हिशेब होता. उरलेल्या भाताला फोडणी देणं इथल्या गृहिणीला ठाऊक होतं, पण त्यासाठी आधी भात उरायला हवा.

या कोरडवाहू मुलखात भात बाहेरून आला, आणि एकदाच आला नाही. १९४८ पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात होतं. शेजारचं अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद म्हणून ओळखलं जाई आणि तिथे घोडदळाची छावणी होती. निजामी अमलातली बिर्याणी आणि पुलाव इथल्या मुस्लिम घरांच्या दावतीत रुजले. ज्या वडगावच्या नावातच ‘युसूफ’ आहे, तिथे हा पुलाव परका कसा म्हणायचा? पुढे १९७२ चा दुष्काळ आला. लोकांनी सरकारी कामांवर खडी फोडली, सुकडी आणि परदेशी मायलो ज्वारी खाल्ली. आणि मग रेशन. स्वस्त धान्य दुकानातून गहू-तांदूळ मिळू लागला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तांदूळ तीन रुपये किलो केला. इथल्या ताटात भात रोजचा झाला त्याला चवीपेक्षा ही धान्यवाटपाची व्यवस्था जास्त कारणीभूत आहे. शाळू महाग आणि तांदूळ स्वस्त, असा उलटा काळ याच पिढीने पाहिला.

चायनीजची गाडी आली ती या सगळ्यानंतर, आणि दुसऱ्याच वाटेने.

महाराष्ट्राचा चिनी माणसांशी संबंध जुना आहे. १८३० च्या दशकात इंग्रजांनी महाबळेश्वरला तुरुंग बांधला, तिथे चिनी आणि मलायी कैदी ठेवले होते. डोंगरावर बटाटा आणि इंग्रजी भाजीपाला रुजवण्यात त्यांच्या मेहनतीचा वाटा होता. मुंबईत माझगावच्या गोदीजवळ चिनी खलाशी आणि कारागिरांची वस्ती होती. डॉकयार्ड रोडजवळ १९१९ साली उभं राहिलेलं क्वान कुंग देवाचं मंदिर आजही आहे. वस्ती मात्र विरली. १९६२ च्या युद्धानंतर देशभरातल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. त्यांतले बहुतेक ईशान्य भारत आणि बंगालकडचे होते, पण धास्ती मुंबईपर्यंत पोचली आणि अनेक कुटुंबांनी देश सोडला. ज्यांचा पदार्थ आपण आवडीने खातो त्यांच्यावरचा हा अन्याय मराठीत फारसा कुणी लिहिलेला नाही, हे खटकतं.

जे राहिले त्यांनी हॉटेलं चालवली. कुलाब्याचं नानकिंग, चर्चगेटचं कामलिंग ही साहेबी आणि पैसेवाल्यांची ठिकाणं. सत्तरच्या दशकात ताजमहाल हॉटेलात गोल्डन ड्रॅगन सुरू झालं आणि तिखट सिचुआन पद्धत मुंबईला कळली. १९७५ मध्ये कोलकात्याहून आलेले नेल्सन वाँग क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आचारी होते. आलं, लसूण, हिरवी मिरची परतून त्यांनी गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लोअरने रस दाट केला आणि चिकन मंचुरियन जन्माला आलं. मंचुरियात असा पदार्थ नाही. शेजवान, म्हणजे सिचुआनी, चटणीचंही तसंच. सिचुआनची जीभ बधिर करणारी मिरी तिच्यात नसतेच. असते ती लाल मिरची आणि ढीगभर लसूण, म्हणजे जवळजवळ आपला ठेचाच. गंमत अशी, की त्या चिनी मिरीचं सख्खं भावंड कोकणात आहे. बांगड्याच्या आमटीत पडणारं तिरफळ त्याच कुळातलं. पण गाडीवाल्याने ते कधी हाती घेतलं नाही.

पंचतारांकित हॉटेलातून हे जेवण फुटपाथवर उतरलं आणि तिथे ते मराठी पोरांच्या हाती लागलं. नेपाळी किंवा दार्जिलिंगकडच्या आचाऱ्याच्या हाताखाली कोबी चिरायचा, भांडी घासायची, रात्री उशिरा कढई हाती मिळाली तर भात उडवून बघायचा. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी गाड्यांवरचं शिक्षण हे असं. ट्रिपल राइस, चायनीज भेळ हे पदार्थ याच रस्त्यावरच्या शाळेतले. मराठवाड्यातून पुणे-पिंपरीला कामाला गेलेली पोरं गावी परतताना हा धंदाही सोबत घेऊन आली. केज, धारूर, वडवणीतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात जातात. कारखान्याच्या नाक्यावरची गाडी त्यांच्याही ओळखीची. भांडवल थोडं, मशागत नाही, पावसाचा भरवसा नको. कोरडवाहू शेतकऱ्याच्या धाकट्या मुलाला यापेक्षा हाताशी असलेला धंदा क्वचितच सापडतो.

एक गोष्ट मनाला लागते. केज-लातूरच्या शिवारात आता सोयाबीनच सोयाबीन आहे. लातूरची बाजारपेठ देशातल्या मोठ्या सोयाबीन बाजारांपैकी एक. पण हा माल जातो तेलाला आणि पेंडीला. गाडीवरची सोया सॉसची बाटली येते लांबच्या कारखान्यातून.

चिमूटभर पडणाऱ्या अजिनोमोटोचं गाव जपान. १९०८ मध्ये तोक्योत किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रसातून ही चव वेगळी काढली आणि पुढच्याच वर्षी ती बाजारात आली. जपाननेही चिनी जेवण असंच आपलंसं केलं. तोक्योच्या आसाकुसा भागात १९१० साली ओझाकी कानइची या माजी कस्टम अधिकाऱ्याने योकोहामाहून कँटनी आचारी आणून ‘राईराईकेन’ उघडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर मंचुरियातून परतलेल्या जपानी लोकांनी ग्योझा हा सारण भरलेला पदार्थ रुजवला. मग गल्लोगल्ली नवरा-बायकोने चालवलेली छोटी चिनी खानावळ दिसू लागली. तिला तिथे ‘माची चुका’ म्हणतात. लोखंडी कढईत अंडं, शिळा भात, कांद्याची पात आणि डुकराच्या मांसाचे तुकडे परतून केलेला ‘चाहान’, सोबत वाटीभर सूप. रामेन नूडल्सबरोबर अर्धी प्लेट चाहान घ्यायची पद्धतही जुनी. मालक म्हातारे झाले, मुलं धंद्यात येईनात, तशी ही दुकानं बंद पडू लागली. तेव्हा लेखक किताओ तोरो यांनी २०१४ मध्ये मित्रांना जमवून ती हिंडून पाहायला, त्यांच्या नोंदी करायला सुरुवात केली. चीनमध्ये हे असं मिळतं का, हा प्रश्न त्यांना गौण होता. आपल्या गल्लीत हे कसं आलं, हे त्यांना हवं होतं.

मराठवाड्यातल्या चायनीज गाडीकडे अशा नजरेने अजून कुणी पाहिलेलं नाही. तिची बातमी होते ती बहुधा तक्रारीची. गोव्यात म्हापसा नगरपालिकेने २०२४ च्या सुरुवातीला जत्रेत गोबी मंचुरियन विकायला मनाई केली. त्याच वर्षी कर्नाटकाने त्यातल्या कृत्रिम रंगावर बंदी घातली. रंगाची भीती खोटी नाही, आणि मुलांच्या पोटात काय जातं हे तपासलंच पाहिजे. पण लाल रंगासाठी मिरची भिजवून वाटणारे गाडीवालेही आहेत, त्यांना वेगळं काढून दाखवणारी तपासणी तालुक्याच्या गावापर्यंत पोचायला हवी.

दरम्यान गाडीवाल्याला नवं काम मिळालं आहे. लग्नसराईत मंडपाच्या कडेला मंचुरियनचं वेगळं टेबल लागतं आणि त्यावर तोच उभा असतो. पंगतीत बुंदी, वरण-भात वाढून होतो तोवर पोरं आधी इथे गर्दी करतात. हे टेबल हवं की नको, ते आता आचाऱ्याशी बोलणी करतानाच ठरतं.