‘लिनक्स कालबाह्य आहे’

हा लेख तुम्ही फोनवर वाचत असाल आणि फोन अँड्रॉइड असेल, तर आधी एक काम करा. सेटिंग्जमध्ये जाऊन ‘अबाउट फोन’ उघडा. तिथेच कुठेतरी आत ‘कर्नल व्हर्जन’ असं लिहिलेलं सापडेल. त्याच्याखाली ४, ५ किंवा ६ ने सुरू होणारा एक लांबलचक आकडा असेल. हा आकडा अँड्रॉइडचा नाही, फोन बनवणाऱ्या कंपनीचाही नाही. तो लिनक्सचा आहे. तुमच्या फोनच्या तळाशी लिनक्स बसलेलं आहे.

आणि या लिनक्सबद्दल २९ जानेवारी १९९२ रोजी ॲमस्टरडॅमच्या एका प्राध्यापकाने जाहीरपणे लिहिलं होतं की, ते कालबाह्य आहे. तेव्हा लिनक्सचं वय होतं जेमतेम पाच महिने.

आमच्या हॉस्टेलवर विंडोजवाले आणि लिनक्सवाले असे दोन पंथ होते. मी लिनक्सवाला. रात्रीच्या चहावर आम्ही या भांडणाची गोष्ट पुराणातल्या कथेसारखी सांगायचो. एक गर्विष्ठ प्रोफेसर होता, एक बावीस वर्षांचा पोरगा होता. प्रोफेसर म्हणाला, तू नापास. पोराने जग जिंकून दाखवलं. संपली गोष्ट, वाजवा टाळ्या. पुढे कधीतरी त्या वादातले मूळ मजकूर वाचले आणि लक्षात आलं की, आम्ही गोष्ट चुकीची सांगत होतो. वर तिच्यातला सगळ्यात चांगला भाग गाळतही होतो.

सरांना पुस्तक का लिहावं लागलं

या प्राध्यापकांचं नाव अँड्र्यू टॅनेनबॉम. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना हे नाव जाडजूड पुस्तकांच्या कव्हरवरून माहीत असतं. जन्माने अमेरिकन, नोकरी ॲमस्टरडॅमच्या व्रीए विद्यापीठात.

त्या काळी ऑपरेटिंग सिस्टिम शिकवायची म्हणजे युनिक्स शिकवायचं. युनिक्स बेल लॅब्जमध्ये जन्मलं आणि त्याची मालकी ‘एटी अँड टी’ या टेलिफोन कंपनीकडे होती. सुरुवातीला कंपनी विद्यापीठांना कोडसकट युनिक्स देत असे. १९७७ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन लायन्स या प्राध्यापकाने त्या कोडवर ओळीओळीने भाष्य लिहिलं, वर्गात शिकवण्यासाठी. पण युनिक्सला बाजारात किंमत आहे हे कंपनीच्या लक्षात आलं आणि सातव्या आवृत्तीच्या परवान्यात अट आली की, हा कोड वर्गात शिकवायचा नाही. लायन्सचं भाष्य मग कित्येक वर्षं झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून हातोहात फिरत राहिलं.

टॅनेनबॉमसरांनी दुसरा मार्ग धरला. विद्यार्थ्यांना दाखवायला कोड नाही ना, मग आपणच लिहू. १९८७ साली त्यांचं पुस्तक आलं आणि त्याबरोबर ‘मिनिक्स’ नावाची, युनिक्ससारखी वागणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. तिचा सुमारे १२,००० ओळींचा कोड पुस्तकातच छापलेला होता. हार्ड डिस्क नसलेल्या स्वस्तातल्या कॉम्प्युटरवरही ती चालायची.

मिनिक्स जगभर पोचलं आणि सरांकडे मागण्यांचा पाऊस सुरू झाला. हे घाला, ते घाला, नव्या ३८६ चिपवर नीट चालवा. सर बहुतेकांना नाही म्हणत राहिले. त्यांना मिनिक्स एवढंच हवं होतं, की एका सेमिस्टरमध्ये एका विद्यार्थ्याच्या डोक्यात मावेल. लोकांनी स्वतः सुधारणा केल्या तरी सुधारलेलं मिनिक्स वाटायला परवानगी नव्हती. त्यामुळे आधी मूळ मिनिक्स विकत घ्यायचं आणि मग दुसऱ्याने लिहिलेल्या दुरुस्त्या हाताने त्यावर चढवायच्या, असा द्राविडी प्राणायाम चालायचा.

हा प्राणायाम करणाऱ्यांत हेलसिंकी विद्यापीठातला एक विद्यार्थी होता. लिनस टोरवाल्ड्स. जानेवारी १९९१ मध्ये त्याने ३८६ कॉम्प्युटर घेतला, त्यावर मिनिक्स चढवलं आणि घरून विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला जोडून घेण्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. तो प्रोग्रॅम वाढत गेला. २५ ऑगस्टला त्याने मिनिक्सच्याच चर्चागटात कळवलं की, मी एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, निव्वळ छंद म्हणून, फार मोठं काही होणार नाही. सप्टेंबरमध्ये पहिला कोड बाहेर आला.

वाडा आणि सोसायटी

सरांचा आक्षेप काय होता, हे कळायला कर्नल म्हणजे काय ते आधी बघू. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी कुणाला द्यायची, डिस्कवर काय लिहायचं, कीबोर्डवरचं बटण कुणाला कळवायचं, हे सगळं तो ठरवतो. तो बांधायच्या दोन पद्धती.

पहिली जुन्या वाड्याची. सगळे एका छपराखाली, मधल्या दारांना कड्या नाहीत. स्वयंपाकघरातून ओसरीवर आमटीची वाटी पोचवायला दोन पावलं पुरतात. पण एका खोलीत आग लागली, तर अख्खा वाडा जातो. याला म्हणतात मोनोलिथिक कर्नल. लिनक्स असं होतं आणि आजही आहे.

दुसरी सोसायटीची. डिस्क सांभाळणारा एका फ्लॅटमध्ये, नेटवर्क सांभाळणारा दुसऱ्या, प्रत्येकाला स्वतंत्र कुलूप. खाली फक्त एक वॉचमन, जो चिठ्ठ्या इकडून तिकडे पोचवतो. एक फ्लॅट जळाला तरी बाकीची इमारत उभी राहते. पण आमटीची वाटीसुद्धा वॉचमनच्या हातूनच जाणार, म्हणजे वेळ लागणार. हे मायक्रोकर्नल. मिनिक्स असं होतं.

तेव्हाचे बहुतेक संशोधक सोसायटीच्या बाजूचे होते. म्हणून सरांनी लिहिलं की, १९९१ मध्ये मोनोलिथिक कर्नल लिहिणं म्हणजे सत्तरच्या दशकात परत जाणं. दुसरा मुद्दा चिपचा. लिनक्स इंटेलच्या ३८६ चिपला चिकटून लिहिलेलं आहे, आणि रिस्क नावाच्या साध्या, वेगवान रचनेच्या चिप या इंटेलवाल्यांना लवकरच मागे टाकतील. तेव्हा एका चिपला बांधून घेणं ही चूक आहे.

लिनसने त्याच दिवशी उत्तर दिलं आणि ते तिखट होतं. मिनिक्सचे पैसे तुम्हाला मिळतात, लिनक्स फुकट आहे. मिनिक्समध्ये अमुक दोष, तमुक दोष, आणि तुम्ही प्राध्यापक आहात ही त्या दोषांसाठी फार सोयीची सबब आहे. पण त्याच उत्तरात त्याने हेही कबूल केलं की, तत्त्वाचा आणि सौंदर्याचा विचार केला तर मायक्रोकर्नल सरस आहे. त्याचं म्हणणं एवढंच की, मिनिक्स हे मायक्रोकर्नलचं चांगलं उदाहरण नाही आणि लिनक्स आज चालतंय.

आम्ही हॉस्टेलवर जे कधीच सांगितलं नाही, ते यानंतर घडलं. एका वाचकाने लिनसला खाजगीत कळवलं की, असं बोलायची रीत नसते. लिनसने त्याच चर्चागटात जाहीर माफी मागितली, आपण अतिरेक केला असं लिहिलं. मुद्दे मात्र सोडले नाहीत. सरांनीही सोडले नाहीत. तू माझा विद्यार्थी नाहीस याबद्दल देवाचे आभार मान, या डिझाइनला चांगले मार्क मिळाले नसते, हे त्यांचं प्रसिद्ध वाक्य या दुसऱ्या फेरीतलं. लिनसने तेही मनाला लावून न घेता चेष्टेवारी नेलं.

चर्चेत खुद्द केन थॉम्पसनही आले. ज्या दोघांनी युनिक्स घडवलं, त्यांतले एक. ते म्हणाले, भविष्य बहुधा मायक्रोकर्नलचं आहे. पण मोनोलिथिक कर्नल लिहायला सोपा असतो. आणि बदल करता करता त्याचा चटकन गोंधळही होतो. दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं माप.

एक फेब्रुवारी

हे सगळं चालू असताना एक गोष्ट गाजावाजा न होता घडली. सुरुवातीच्या लिनक्सचा परवाना लिनसने स्वतःच लिहिलेला होता आणि त्यात लिनक्स वाटण्यासाठी पैसे घ्यायला मनाई होती. जानेवारीतल्या आवृत्तीबरोबर त्याने जाहीर केलं की, यापुढे रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाचा जीपीएल परवाना लागू होईल. कुणीही घ्या, बदला, वाटा, हवं तर विका. अट एकच, बदललेलं दुसऱ्याला देताना त्याचा कोडही त्याच अटींवर द्यायचा. हा परवाना लागू होण्याची तारीख होती १ फेब्रुवारी १९९२. म्हणजे सरांच्या त्या लेखानंतर तीन दिवसांनी.

माझ्या मते पुढचा निकाल इथे लागला. वाडा की सोसायटी, यावर शेकडो ओळी लिहिल्या गेल्या. पण हेलसिंकीच्या त्या वाड्यात कुणालाही येऊन खोली बांधायची मुभा होती आणि ॲमस्टरडॅमच्या नेटक्या सोसायटीत खिळा ठोकायलाही बंदी होती. लोक वाड्यात गेले. सरांचा चिपबद्दलचा आक्षेपही लोकांनीच निकालात काढला. मार्च १९९५ च्या १.२ आवृत्तीत अल्फा, स्पार्क आणि मिप्स या चिपवर लिनक्स चालवण्याची सोय आली. मिनिक्सला खुला परवाना मिळाला २००० साली. तोवर गाडी सुटली होती.

यात सरांची चूक काढता येत नाही. त्यांना शिकवायचं होतं आणि शिकवण्यासाठी गोष्ट लहान राहावी लागते. ज्या पोराने त्यांच्याशी वाद घातला, तो त्यांच्याच पुस्तकावर शिकलेला होता.

मग जिंकलं कोण?

आकडे बघितले तर प्रश्नच नाही. जगातले सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटर नोव्हेंबर २०१७ पासून एकजात लिनक्सवर चालतात.

पण तुमच्या फोनमधली चिप बहुतेक आर्म जातीची असेल. आर्ममधला ‘आर’ म्हणजे रिस्क. सरांनी ज्या चिपचं भविष्य सांगितलं होतं, त्याच घराण्यातली. ती इंटेलला डेस्कवरून हटवू शकली नाही, पण खिशात तीच बसली. आयफोनच्या कर्नलची मुळं माक या मायक्रोकर्नल संशोधनात आहेत. तुमच्या बोटाची किंवा चेहऱ्याची ओळख सांभाळणारा त्याचा वेगळा सुरक्षित प्रोसेसर तर मायक्रोकर्नलवरच चालतो. जिथे आग परवडत नाही, तिथे लोक आजही सोसायटीच बांधतात.

१९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कारण ते सॉफ्टवेअर कर्नलच्या आत बसून काम करत होतं. एका खोलीतली आग, अख्खा वाडा खाक. सरांनी ओरडून सांगितलं होतं, ते हेच.

आणि २०१७ साली आणखी एक गंमत उघड झाली. इंटेलच्या आधुनिक चिपमध्ये एक छोटा देखरेख करणारा भाग असतो, तो मिनिक्सवर चालत होता. इंटेलने सरांना सांगितलंही नव्हतं. खुल्या परवान्यामुळे सांगायची गरजच नव्हती. सरांनी इंटेलला जाहीर पत्र लिहून आभार मानले आणि म्हटलं, कळवलं असतंत तर बरं वाटलं असतं. म्हणजे कित्येक लॅपटॉपवर लिनक्स चालत होतं आणि त्याच्याही खाली, कुणाला न दिसता, मिनिक्स.

साक्ष

आता तो गाळलेला भाग.

२००४ साली अमेरिकेतल्या एका संस्थेच्या केन ब्राउन यांनी एक पुस्तक लिहायला घेतलं. त्यांचा दावा असा की, एक विद्यार्थी एकट्याने एवढी मोठी गोष्ट लिहूच शकत नाही, तेव्हा लिनक्स हे मिनिक्सच्या कोडवरून उचललेलं असणार. त्यासाठी ते थेट ॲमस्टरडॅमला जाऊन टॅनेनबॉमसरांना भेटले.

सरांची जागा घेऊन बघा. ज्या पोराने जाहीरपणे तुमच्या कामाला नावं ठेवली, तो जगप्रसिद्ध झाला. तुमचं मिनिक्स वर्गापुरतं उरलं. आणि एक माणूस दारात येऊन म्हणतोय, तो चोर आहे आणि चोरी तुमच्याच घरी झाली आहे. काही न बोलता नुसते खांदे उडवले असते, तरी पुरलं असतं.

सरांनी मे महिन्यात आपल्या वेबसाइटवर सविस्तर लिहिलं. एकटा माणूस ऑपरेटिंग सिस्टिम लिहू शकतो, मी स्वतः लिहिली आहे, आणखीही काहींनी लिहिली आहे. लिनसने मिनिक्स वापरलं, त्यातून कल्पना घेतल्या, पण कोड त्याचा स्वतःचा आहे. ब्राउन यांच्यासाठी दोन्ही कोडची तुलना करणाऱ्या प्रोग्रॅमरलाही चोरी सापडली नव्हती, तेही सरांनी प्रसिद्ध केलं. आणि हे सगळं लिहिताना मायक्रोकर्नलच बरोबर, हा आपला हेका त्यांनी तसूभरही सोडला नाही. दोनच वर्षांनी एका नियतकालिकात तोच मुद्दा पुन्हा मांडला आणि लिनसने पुन्हा खोडून काढला.

लिनसची जीभ पुढेही सुटतच राहिली. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने सहकाऱ्यांशी केलेल्या उद्धट वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही काळ काम थांबवलं. पहिल्या माफीला तोवर सव्वीस वर्षं झाली होती.

आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर आजही भांडणं होतात, आता अँड्रॉइड आणि आयफोनवरून. मी अजून लिनक्सवालाच आहे. पण वाद फार चढला की मला ते दारात आलेले पाहुणे आठवतात. समोरचा चुकतोय हे मी दिवसभर सांगू शकतो. पण उद्या त्याच्यावर कुणी खोटा आळ घेतला, तर त्याच्या बाजूने पहिलं उत्तर मी लिहीन का? सरांनी लिहिलं होतं. मला अजून खात्री नाही.